मोटारीतील नाद आणि आपले कान

मी भाषेची शिक्षिका. ध्वनिशास्त्र हा माझ्या पदवीचा विषय नव्हे, आणि मोटारीविषयीचे माझे ज्ञान तिच्यात बसून पेडण्याहून म्हापशाला जाण्यापुरतेच. तरीही यंदाच्या अंकासाठी मी हा विषय घेतला आहे. त्याला जे कारण घडले ते प्रथम सांगते आणि मग विषयाकडे वळते.

मी नुकतीच शिक्षिका झाले होते तेव्हा डिचोली तालुक्यातील एका शाळेत शिकवीत असे. वर्गाच्या खिडकीबाहेरून खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांची रांग दिवसभर चाले. वर्गात एक मुलगा होता. कवितेच्या तासाला त्याचे लक्ष पुस्तकापेक्षा रस्त्याकडेच अधिक असे. परंतु कोणता ट्रक भरलेला, कोणता रिकामा, कोणाचा सायलेन्सर फुटलेला, हे तो न पाहता नुसत्या आवाजावरून सांगत असे. त्या ट्रकांपैकी एक त्याचे वडील चालवीत.

तो मुलगा आज पेडण्याजवळ महामार्गालगत मोटारींच्या विद्युत्कामाचे छोटे दुकान चालवितो. मोपाचा विमानतळ २०२३ साली प्रवाशांसाठी खुला झाल्यापासून या रस्त्यावर तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या गाडीचे दिवे दुरुस्त करून घेण्यासाठी मी त्याच्याकडे गेले, तेव्हा दुकानापुढे एक दोन आसनी, उघडत्या छपराची स्पोर्ट्स कार उभी होती. तिचा तरुण मालक सांगत होता, "जुनी यंत्रणा काढून टाक, आणि असा आवाज बसव की मी वळणावर असतानाच वाड्यावर कळले पाहिजे." मालक गेल्यावर माझा विद्यार्थी हसला आणि आपल्या बोलीत म्हणाला, "टीचर, आवाज व्हड करूंक कोणाकय येता. बरो करूंक कान जाय."

आवाज मोठा करणे कोणालाही जमते. तो चांगला करण्यासाठी कान हवेत. या एका वाक्यात प्रस्तुत लेखाचा सारा विषय सामावलेला आहे. त्यानंतर मी चार-पाच वेळा त्या दुकानात जाऊन बसले, आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांना पुष्कळ प्रश्न विचारले, आणि जे समजले ते येथे मांडीत आहे.

गाडीत गाणे कसे शिरले

मोटारीत गाणे ऐकण्याची सोय मोटारीइतकी जुनी नाही. अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्याने 'मोटोरोला' या नावाने मोटारीत बसविण्याचा रेडिओ विक्रीस आणला. १९३२ साली जर्मनीत ब्लाउपुंक्ट या कंपनीनेही तसा रेडिओ तयार केला. त्या रेडिओंत काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह असत. त्यांना गाडीच्या बॅटरीपेक्षा कितीतरी अधिक विद्युद्दाब लागे. त्यामुळे यंत्र जड, महाग आणि नाजूक होई. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि १९५५ साली केवळ ट्रान्झिस्टरवर चालणारा पहिला मोटार-रेडिओ अमेरिकेत निघाला.

याच १९५५ सालची आपल्या भूमीतील एक गोष्ट येथे आठवते. त्या वर्षी २५ नोव्हेंबरला सावंतवाडीजवळच्या आंबोलीच्या रानातून गोवामुक्तीसाठी एक गुप्त नभोवाणी सुरू झाली. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे ती चालवीत. तिचे प्रक्षेपणयंत्र एका ट्रकवर बसविलेले होते. पुढे ती कॅसलरॉकच्या परिसरात हलविली गेली आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत बोलत राहिली. गाडीवर बसविलेल्या ध्वनियंत्राने एखाद्या प्रदेशाला धीर द्यावा, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे फिलिप्स कंपनीची कॅसेट १९६३ साली आली, कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली आली, आणि आता तर खिशातील फोनच बिनतारी संदेशाने गाडीतील यंत्राला गाणे पुरवितो. गाण्याचे उगमस्थान बदलत गेले. परंतु गाणे शेवटी ज्या वाटेने कानापर्यंत येते ती वाट तीच राहिली. विजेचा स्पंद, त्याने हलणारा पडदा, त्या पडद्याने हलणारी हवा आणि त्या हवेने हलणारा कानाचा पडदा, अशी ती वाट आहे.

स्पोर्ट्स कारची अडचण

सामान्य मोटारीपेक्षा स्पोर्ट्स कारमध्ये ही वाट अधिक बिकट असते. अशी गाडी वेगासाठी बांधलेली असते. तिचे वजन कमी ठेवण्यासाठी दरवाजे पातळ करतात, आवाज शोषणारे थर कमी घालतात, इंजिन बसणाऱ्याच्या अगदी जवळ असते, आणि जागा दोघांपुरतीच. अलिबागजवळ बांधली गेलेली 'चिंकारा रोडस्टर' किंवा गेल्या शतकाच्या अखेरीस भारतात निघालेली 'सॅन स्टॉर्म' या गाड्यांचे तर अंगही पत्र्याचे नसून फायबरचे होते. पत्रा एका तऱ्हेने झणझणतो, फायबर दुसऱ्या तऱ्हेने. त्यात छप्पर उघडले की वाऱ्याचा घोंगाट आत येतो आणि गाण्यातील खर्ज बाहेर निघून जातो.

मग अशा गाडीत चांगला नाद आणावयाचा कसा? पहिला विचार कोणाच्याही मनात येतो तो असा, की अधिक शक्तीचे यंत्र बसवावे. हा विचार कितपत खरा आहे ते थोड्या गणिताने पाहू.

गाडीचे इंजिन चालू असता बॅटरीचा दाब साधारण १४ व्होल्ट असतो. त्यातून गाडीतील साध्या यंत्राला स्पीकरपर्यंत जास्तीत जास्त सुमारे १० व्होल्टचा परिणामी दाब पोहोचविता येतो. स्पीकरचा रोध ४ ओहम धरला, तर शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध, अर्थात १०० भागिले ४, म्हणजे २५ वॅट. प्रत्यक्षात काही भाग वाया जाऊन १८ ते २० वॅटच उरतात. तेव्हा खोक्यावर छापलेले "५० वॅट" हे शब्द क्षणभराच्या शिखराविषयी असतात, सततच्या शक्तीविषयी नव्हेत. दाब वाढविणारे स्वतंत्र ॲम्प्लिफायर बसविल्यावाचून याहून अधिक शक्ती मिळत नाही.

आता दुसरी गोष्ट. आपला कान शक्तीची मोजणी बेरजेने करीत नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि तो जेमतेम लक्षात येतो. आवाज दुप्पट मोठा भासावयास सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. २० वॅटच्या जागी २०० वॅट! याउलट गाडीतील खडखडाट आणि घोंगाट ३ डेसिबलने कमी केला, तर गोंगाटाच्या तुलनेत गाणे तितकेच वर येते, जितके ते दुप्पट शक्तीचे यंत्र बसविल्याने आले असते. त्यासाठी ना बॅटरीवर भार पडतो, ना कानावर. म्हणून माझ्या विद्यार्थ्याचा पहिला नियम असा: आधी शांतता विकत घ्यावी, मग आवाज.

दरवाजाचा धडा

त्याने कामाला आरंभ केला तो जुन्या स्पीकरवरच एकामागून एक निरनिराळे शुद्ध स्वर वाजवून. प्रत्येक स्वराला गाडीत कोठे काय थरथरते ते तो हाताने चाचपून पाही. एका स्वराला दरवाजाचे आतले झाकण, दुसऱ्याला नंबरपट्टी, तिसऱ्याला आरशामागचा पेच! यालाच शास्त्रात अनुनाद म्हणतात. प्रत्येक वस्तूची स्वतःची एक कंपनसंख्या असते. तोच स्वर बाहेर उमटला की ती वस्तू आपण होऊन डोलू लागते.

मग त्याने दरवाजाचे झाकण काढले आणि आतल्या पत्र्यावर चिकट रबराचे, वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेले तुकडे दाबून बसविले. हे रबर कंपनाची शक्ती शोषून तिची उष्णता करते. वाजत्या घंटेवर तळहात ठेवावा तसा हा प्रकार. सारा पत्रा मढवावा लागत नाही. मध्यभागी, जेथे तो अधिक हलतो, तेथे पुरेसा थर दिला तरी बराच फरक पडतो. स्पोर्ट्स कारमध्ये प्रत्येक किलो वजन मोजावयाचे असल्याने हे विशेष महत्त्वाचे. दरवाजाच्या तळाशी पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी भोके असतात, ती मात्र त्याने कटाक्षाने मोकळी ठेवली. आपल्याकडील आषाढ-श्रावणात ती बुजली तर दरवाजा आतून गंजलाच म्हणून समजावे.

घुमट आणि वूफर

यानंतर त्याने दरवाजाच्या आतल्या पत्र्यावरील मोठी छिद्रे बंद केली. ती का, हे समजण्यासाठी आपण आपल्या घुमटाकडे जाऊ.

घुमट तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. चतुर्थीच्या दिवसांत आरतीला ते ज्या घरी वाजत नाही असे घर आपल्या भागात विरळाच. २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. डिचोलीच्या कुंभारांची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. घुमट हेही मातीचेच भांडे. त्याला दोन तोंडे, एक रुंद आणि एक अरुंद. रुंद तोंडावर कातडे ताणून बसवितात. पूर्वी ते घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बकऱ्याचे कातडे वापरू लागले. वाजविणारा एका हाताने कातड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या हाताने मागचे अरुंद तोंड कधी झाकतो, कधी उघडतो. त्यासरशी नाद गंभीर होतो किंवा मोकळा होतो.

आता केवळ कातडे एका कड्यावर ताणून वाजवा. आवाज पोकळ येईल. त्यात घुमटाचा गंभीरपणा नसेल. याचे कारण असे, की पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढचा दाब आणि मागची विरळता कडेवरून एकमेकांना भेटली तर परस्परांना नष्ट करतात. खर्जाच्या बाबतीत हे फार घडते, कारण खर्जाच्या लाटा लांब असतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. तेव्हा ५० हर्ट्झच्या स्वराची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब, तर १०,००० हर्ट्झच्या स्वराची साडेतीन सेंटीमीटरदेखील नव्हे. घुमटाचे भांडे मागच्या हवेला कोंडून धरते. आणि अरुंद तोंडातील हवेचा गोळा आतल्या हवेच्या उशीवर हेलकावत स्वतःचा एक खर्ज निर्माण करतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकले असता जो 'हूं' असा नाद निघतो, तो याच जातीचा. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ्यांचा सविस्तर अभ्यास केला, म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले.

स्पीकरचा कागदी किंवा प्लास्टिकचा पडदा म्हणजे घुमटाचे कातडे, आणि मागची पेटी म्हणजे घुमटाचे भांडे. पेटीला नळीसारखे तोंड ठेवून खर्ज वाढविण्याच्या युक्तीचे एकस्व बेल प्रयोगशाळेतील थुरास यांना १९३२ साली मिळाले. कोणत्या स्पीकरला केवढी पेटी व केवढी नळी हवी, याचे नेमके गणित नेव्हिल थील यांनी ऑस्ट्रेलियात १९६१ साली प्रसिद्ध केले, आणि रिचर्ड स्मॉल यांनी पुढील दशकात ते विस्तारले. परंतु आरतीला बसून मागच्या तोंडावर हात ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या तळहाताला या शास्त्राची ओळख केव्हाच झालेली होती.

गाडीचा दरवाजा हीच दरवाजातील स्पीकरची पेटी. त्यात मोठी छिद्रे राहिली तर पुढची आणि मागची हवा एकमेकींना मिळून खर्ज नाहीसा होतो. ती बंद करताच त्याच जुन्या स्पीकरमधून तबल्याचा डग्गा प्रथमच डग्ग्यासारखा वाजला, हे मी स्वतः ऐकले. तोपर्यंत त्या गाडीत एकही नवे यंत्र बसलेले नव्हते.

यंत्राची निवड आणि तारांचे काम

नंतर नव्या स्पीकरची पाळी आली. येथेही वॅटच्या आकड्याला न भुलता तो स्पीकरची संवेदनशीलता पाहतो, म्हणजे तेवढ्याच विजेत कोणता स्पीकर किती डेसिबल आवाज देतो. एक ८६ डेसिबल देत असेल आणि दुसरा ९२, तर या ६ डेसिबलच्या फरकाची किंमत चौपट वॅटइतकी आहे. समुद्राकाठच्या दमट व खाऱ्या हवेत साधा कागद मऊ पडतो, म्हणून त्याने पॉलिप्रॉपिलीनचा पडदा असलेले स्पीकर निवडले. बारीक स्वरांसाठी ट्वीटर कानाच्या उंचीजवळ, मध्यम व खर्ज स्वरांसाठी मोठा स्पीकर दरवाजात, अशी विभागणी केली. अतिखर्जासाठी आसनामागे एक लहान बंद पेटी बसविली. मोठ्या लाकडी पेटीसह वूफर व ॲम्प्लिफायर यांचे वजन वीस-पंचवीस किलो सहज होते. वेगासाठी बांधलेल्या गाडीवर एवढे ओझे लादणे म्हणजे शर्यतीच्या घोड्याला पाण्याच्या घागरी बांधण्यासारखेच.

तारांविषयी तो फार कडक आहे. समजा, ॲम्प्लिफायर ४०० वॅट देते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात विजेचा निम्मा भाग उष्णतेत जातो, तेव्हा बॅटरीतून ५० ॲम्पियरहून अधिक प्रवाह लागतो. 'डी वर्गा'च्या नव्या यंत्रात ३४ ॲम्पियरच्या आसपास पुरतो. हा प्रवाह ४ मीटर लांब आणि केवळ अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून नेला, तर वाटेत जवळजवळ एक व्होल्ट खर्ची पडतो आणि तार ३० वॅट उष्णता देऊ लागते. सोळा चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हीच हानी सहापटीहून कमी होते. पातळ तारेवर वाचविलेले पैसे एखादे दिवशी आगीच्या रूपाने फेडावे लागतात. म्हणून योग्य जाडीची तार, आणि बॅटरीच्या धन टोकापासून हातभराच्या आतच फ्यूज, हा नियम तो मोडीत नाही. कारण तार घासून कोठे पत्र्याला टेकली, तर तिला वाचविणारा पहारेकरी बॅटरीजवळच असावा लागतो.

शिवाय काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडविणे, गाडीची मूळ तार न कापता जुळणारी जोडणी वापरणे, आणि संरक्षक हवापिशव्यांच्या तारांना कधीही हात न लावणे, हेही त्याचे नियम. या तारा बहुधा पिवळ्या आवरणाच्या असतात. जमिनीची, म्हणजे अंगाला जोडावयाची तार बसविताना तो रंग खरवडून पत्रा उघडा करतो आणि जोडणी झाल्यावर गंज न लागण्यासाठी वर लेप देतो. या एका जोडणीतील कुचराईमुळे गाण्यामागे इंजिनाची कुंईकुंई ऐकू येते. आणि पुष्कळ लोक त्याचा दोष नव्या यंत्राला देतात.

गायिका कोठे बसली आहे?

यंत्र बसल्यावर एक गंमत उरली. आपल्या देशात चालक उजव्या बाजूस बसतो. त्याच्यापासून उजवा स्पीकर, समजा, ८० सेंटीमीटरवर आणि डावा १३० सेंटीमीटरवर आहे. हे ५० सेंटीमीटरचे अंतर कापण्यास ध्वनीला सुमारे दीड सहस्रांश सेकंद लागतो. एवढ्या सूक्ष्म उशिरानेही कान फसतो, आणि गायिका समोर न बसता उजव्या दरवाजात बसल्याचा भास होतो. नव्या यंत्रात जवळच्या स्पीकरला मुद्दाम तेवढाच उशीर करविता येतो. तो करताच आवाज दरवाजातून उठून समोरच्या काचेपुढे मधोमध येऊन बसला. छप्पर बंद असतानाची आणि उघडे असतानाची अशा दोन वेगळ्या जुळण्याही त्याने यंत्रात साठवून दिल्या.

प्रत्येक गाडीचा अंतर्भाग मोजून तिच्यासाठीच ध्वनियोजना आखावी, हा विचार भारतीय वंशाचे अमेरिकन प्राध्यापक अमर बोस यांनी १९८० नंतरच्या वर्षांत एका मोटार कारखान्याच्या साहाय्याने अमलात आणला. माझा विद्यार्थी आपल्या परीने हेच करतो. फोनवरील मापकावर तो पूर्ण विसंबत नाही. शेवटची परीक्षा तो घेतो ती आपल्याच गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर. १९७७ साली अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत ज्यांचा आवाज आहे, त्याच या केसरबाई. "मागचा तंबोरा वेगळा ऐकू आला तर काम झाले," असे तो म्हणतो.

कानाचा हिशेब

गाडी नेण्यास मालक आला तेव्हा माझा विद्यार्थी मला म्हणाला, "आज बाबांनाही बोलावले आहे." त्याचे वडील आले. २०१२ साली खाणी थांबेपर्यंत अनेक वर्षे त्यांनी खनिजाचा ट्रक चालविला होता. इंजिनाची घरघर, उघड्या खिडक्या, आणि त्या घरघरीवर मात करण्यासाठी पूर्ण चढविलेला टेप, असे त्यांचे दिवस गेले. ते गावातील आरतीत घुमट वाजवीत.

मुलाने त्यांना चालकाच्या जागी बसविले आणि घरच्या चतुर्थीला स्वतः केलेले आरतीचे ध्वनिमुद्रण लावले. वडिलांनी डोळे मिटले, हाताने मांडीवर ठेका धरला. आरती संपली तेव्हा म्हणाले, "घुमट अगदी समोर वाजते आहे. शामेळही येते. पण यंदा कासाळे कोणी वाजविले नव्हते काय?"

कासाळे वाजत होते. आम्हां सर्वांना ते स्वच्छ ऐकू येत होते. मुलगा काही बोलला नाही. त्याने केवळ यंत्र बंद केले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या कानाच्या शंखात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. हवेच्या कंपनाचा विजेच्या स्पंदात पालट त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या झिजतात आणि मरतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. गोंगाटाने येणारा बहिरेपणा प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांना गाठतो. म्हणून खर्जाचे घुमट ऐकू येत राहते आणि कासाळ्याची किणकिण निघून जाते. पुढे बोलण्यातील 'स', 'श', 'त' ही अक्षरे पुसट होतात. माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. हे इतक्या हळूहळू घडते की ज्याचे जाते त्याला ते गेल्याचे समजतही नाही.

याचा हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाचे आठ तास, ही मर्यादा कामगारांसाठी सुचविली जाते. त्यानंतर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. स्पोर्ट्स कारच्या लहानशा बंद अंतर्भागात ४०० वॅटचे यंत्र १०० डेसिबलची पायरी सहज ओलांडते.

हा प्रश्न केवळ गाडीतल्या माणसाचा नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्या भोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र होऊ शकतो. वाड्यावर आपले आगमन कळावे अशी हौस असणाऱ्याने त्या वाड्यावर एखादे तान्हे मूल, एखादा आजारी, एखादा दहावीचा विद्यार्थी असेल, याचेही स्मरण ठेवावे.

करून पाहण्यासारखे

पहिला प्रयोग: फोनवर हळू आवाजात गाणे लावून तो प्रथम उशीवर, मग लाकडी मेजावर आणि नंतर रिकाम्या तांब्यात ठेवा. फोनची शक्ती तीच असता नाद का बदलतो, ते वहीत लिहा. दुसरा: बसमध्ये खडखडणाऱ्या खिडकीच्या चौकटीवर तळहात दाबून धरा आणि कोणता आवाज नाहीसा झाला ते ध्यानात घ्या. तिसरा: घरी घुमट असेल तर वडीलधाऱ्यांना विचारून एक थाप मागचे तोंड उघडे ठेवून आणि एक थाप ते झाकून वाजवा. चौथा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा: आजीआजोबांना विचारा, "पहाटे पक्ष्यांची किलबिल ऐकू येते का?" उत्तर नकारार्थी आले तर त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेण्याविषयी घरी सांगा.

त्या दिवशी स्पोर्ट्स कारचा मालक शेजारीच उभा होता. त्याने सर्व पाहिले होते. गाडी सुरू करण्यापूर्वी त्याने विचारले, "यंत्राला आवाजाची वरची मर्यादा घालता येते काय?" माझ्या विद्यार्थ्याने ती घालून दिली. मग गाडी महामार्गावर चढली. वळणापर्यंत गाणे ऐकू येत होते, त्यापुढे नाही. वडील अजून दुकानाच्या पायरीवर बसले होते. पुढच्या आठवड्यात म्हापशाला कानाची तपासणी करून घ्यावयाची, असे मुलाने त्यांच्या कानाजवळ जाऊन, सावकाश व स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यांनी मान डोलाविली.